कनकपूरचा कोतवाल

"तीन वाक्यं, तात्या. चौथं तोंडातून काढायचं नाही."

"तीनच?" तात्याने चहाची बशी खाली ठेवली. "अगं, माणूस दाराबाहेर यायच्या आधी माझी वीस वाक्यं होत्यात."

"तिथं दार-बिर नाही. गेम आहे तो."

"फोनातला?"

"फोनातलाच. पण खराखुरा बांधलेला."

तात्या माझा बाप. डोळ्यात मोतीबिंदू उतरला म्हणून त्याला गावाहून पुण्याला आणला होता, सोमवारी तपासणी होती. हा शुक्रवार. शनिवारी सकाळी आमच्या कंपनीत पैसे घालू बघणारे बंगळूरचे पाहुणे यायचे होते आणि गेममधला आमचा कोतवाल शुक्रवारी दुपारीच मालिकेत काम मिळालं म्हणून पळाला होता. सहा महिने शिकवलेला नट, जाताना फोनसुद्धा केला नाही मेल्याने, मेसेज टाकला.

आमची कंपनी म्हणजे काय ते सांगते. फोनवर लोक 'कनकपूर' नावाचा गेम खेळायचे. जुनं गाव, भरलेला बाजार, राजाची मुद्रा चोरीला गेलेली, ती शोधायची. आमच्या सौमित्र सरांच्या डोक्यात आलं की हे गाव बांधायचंच. चाकणजवळ एक बंद पडलेली शेड घेतली आणि आत प्लास्टरचा बाजार उभा केला. विहीर, सोनाराचं दुकान, पानाची गादी, कोतवालाची चावडी. तिकीट काढून आत जायचं, मनगटाला पट्टा बांधायचा, पट्ट्यावर तीन दिवे, एक दिवा म्हणजे एक जीव. बाजारातली पात्रं खुणा सांगणार. ती पात्रं म्हणजे रोजावरची जिवंत माणसं. त्यांना आम्ही 'खांब' म्हणायचो. जागचं हलायचं नाही आणि तीनच वाक्यं बोलायची. समोरच्याने काहीही विचारू दे, पुन्हा पहिल्यापासून सुरू. फोनात तसंच असतं ना, म्हणून. चांगल्या हसत्या-बोलत्या माणसांना खांब करायचं, हीच माझी नोकरी.

आणि ही नोकरी मी खोटं बोलून मिळवली होती. मुलाखतीत सरांनी विचारलं, नाटकाचं वेड कुठून आलं? मी म्हटलं, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, शाळेची नाटकं तेच बसवायचे. तोंडातून कसं निघालं देव जाणे. देवाला कशाला मध्ये घेऊ, मलाही ठाऊक आहे कसं निघालं. तात्या बहुरूपी. करमाळ्याकडे आमची सगळी वस्तीच बहुरूप्यांची. पोलिसाचं, डॉक्टरचं, नाहीतर वसुलीवाल्याचं सोंग घ्यायचं, दारोदार जायचं, माणसाला आधी घाबरवायचं, मग हसवायचं आणि शेवटी हात जोडून उभं राहायचं. मी सहावीत असताना तात्या इन्स्पेक्टर होऊन माझ्याच शाळेत आला. हेडमास्तर चळाचळा कापले, मग सगळी शाळा पोट धरून हसली, आणि मी मुतारीत जाऊन सुटीची घंटा होईपर्यंत बसून राहिले. त्यानंतर दहावीपर्यंत माझं नाव 'सोंगाड्याची' असं होतं. शालन म्हणून कुणी हाक मारली नाही. कंपनीत मी शालिनी मॅडम होते.

माझी कच्ची नोकरी त्या शनिवारी संपत होती. पाहुणे खूश झाले तर पक्की, नाहीतर गाशा गुंडाळा, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि ऐन वेळी कोतवाल नाही. माझ्या खोलीत मात्र महाराष्ट्रातला एक नंबरचा कोतवाल चहा भुरकत बसलेला.

"अजून एक," मी म्हटलं. "तिथं मला शाले म्हणायचं नाही. मॅडम म्हणायचं."

"का गं?"

"घरची माणसं लावलेली चालत नाहीत."

"मॅडम तर मॅडम." तात्याने मिशीवरून हात फिरवला. "आन् उतरवायचं कवा?"

"काय उतरवायचं?"

"सोंग."

"उतरवायचं नाही. एक पाहुणा गेला की दुसरा येतो."

हे त्याला पटणार नाही ते मला माहीत होतं. त्याचा एक हेका होता. सोंग कितीही रंगो, दार सोडायच्या आधी ते उतरवायचं, पगडी नाहीतर टोपी समोरच्याच्या पायाशी ठेवायची आणि सांगायचं की बाबा, भिऊ नको, हे खोटं होतं, मी बहुरूपी. सांगितल्याशिवाय निघाला तो बहुरूपी नव्हे. माझ्या थोरल्या चुलत्याने एकदा दारू पिऊन तसं केलं होतं, तर तात्या चार कोस उलटा चालत जाऊन त्या घरी सांगून आला.

"न सांगता निघालो तर आपल्यात आन् ठगात फरक काय ऱ्हायला?" तो म्हणाला.

"तिकीट काढून येतात ती माणसं, तात्या. त्यांना ठाऊक असतं."

"ठाऊक असलेला माणूस भीत न्हाई. आन् भ्यालेल्याला काय ठाऊक नसतं."

"मग भिववू नको. तीन वाक्यं बोल आणि उभा राहा. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"तुझ्या नोकरीचा म्हणतीस तर ऱ्हातो खांबावानी," तात्या म्हणाला.

सरांना मी सांगितलं, एका एजंटाने माणूस पाठवलाय, गावाकडचा आहे, बरा आहे. सरांनी त्याला पगडी-अंगरख्यात पाहिलं आणि म्हणाले, अरे, हा तर स्क्रीनमधून उतरून आल्यासारखा दिसतोय. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नसे.

शनिवारी सकाळी पाहुणे आले. तिघे होते. दोन तरुण, आणि तिसरे कामत म्हणून साठीचे गृहस्थ. कामत मूळचे कारवारचे, मराठी बोलायचे, आणि त्या तिघांत खरा शब्द त्यांचाच. मी आणि सर कॅमेऱ्याच्या खोलीत बसून बघत होतो. पहिले दोघे चावडीवरून गेले. तात्याने दांडका आडवा धरला.

"थांब. परवाना दाखव. नाहीतर कोठडी."

अगदी ठरल्याप्रमाणे. पोरांनी परवाना दाखवला आणि ती पुढे गेली. माझ्या जिवात जीव आला.

मधल्या वेळात चहा झाला. पानवालीचं काम करणारी रेवती आणि तात्या चावडीच्या पायरीवर बसून चहा पिताना मला दिसले. रेवतीला बोलायला माणूस मिळाला की पुरे. काय बोलतेय ते कॅमेऱ्यात ऐकू येत नव्हतं, तात्या नुसती मान हलवत होता.

मग कामत आले, ते दोघे पुन्हा त्यांच्या मागे. त्यांना मुद्रा शोधायची नव्हती, त्यांना गंमत करायची होती. दोन्ही हात खिशात घालून ते तात्यासमोर उभे राहिले.

"थांब," तात्या म्हणाला.

"थांबलोच आहे. जेवलास काय रे कोतवाला?"

"परवाना दाखव."

"बायको कुठली तुझी?"

"नाहीतर कोठडी."

"हा खरोखर मशीन आहे," कामत मागच्या दोघांना म्हणाले आणि त्यांनी तात्याच्या पोटात बोट खुपसलं. "थांब," तात्या म्हणाला. त्यांनी पुन्हा खुपसलं. "परवाना दाखव." मग त्यांनी त्याच्या मिशीचं टोक धरलं आणि ओढून पाहिलं, खरी आहे की चिकटवलेली. ती खरीच होती. पोरं हसली.

तात्याच्या मानेची शीर फुगली की पुढे काय होतं ते मी लहानपणापासून बघत आलेय. मी खुर्चीतून उठले.

तात्याने दांडका खाली ठेवला. सावकाश चावडीवर मांडी घातली, समोर नसलेलं दप्तर उघडलं, बोटाला थुंकी लावून नसलेलं पान उलटलं.

"नाव सांगू नको," तो म्हणाला. आवाज एकदम खालचा. "नाव हाय आमच्याकडं. तुझ्या आधी तुझा कागद इथं आलाय."

"हे स्क्रिप्टमध्ये आहे?" सरांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"चांगलं करतोय. करू दे."

"कलम पयलं," तात्या म्हणाला. "बापाचं घर इकलंस. बापाला इचारलं न्हाईस. कलम दुसरं. आई हाक मारीत होती, तू कामात होतास. काम ऱ्हायलं, आई ऱ्हायली न्हाई. कलम तिसरं. पाठच्या भावाला शबूद दिला होतास. तो अजून वाट बघतोय. बोल, कबूल हाय का?"

मला हे सगळं पाठ होतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस समोर आला की तात्या हीच तीन कलमं काढायचा, त्याच्या बापानेही हीच काढली होती. पन्नाशीच्या माणसाला यातलं एखादं तरी लागतंच. गावाकडे लोक ती ऐकून आधी गोरेमोरे व्हायचे आणि मग खो खो हसायचे. कामतांना कोणतं लागलं ते त्या क्षणी मला कळलं नाही. सगळीच लागली असतील. त्यांनी खिशातून हात काढले, भिंत चाचपडली आणि ते खाली पायरीवर बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

तात्या ताडकन उठला. डोक्यावरची पगडी काढली, कामतांच्या पायाशी ठेवली आणि हात जोडले.

"देवा, भिऊ नगा. सोंग हाय. मी बहुरूपी. तुमचं काय बी ठावं न्हाई मला. हसा बघू एकदा."

तात्याच्या पन्नास वर्षांत पगडी उतरल्यावर माणूस हसला नाही असं कधी झालं नव्हतं. कामत हसले नाहीत. त्यांना बहुरूपी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मागचा एक पोरगा फोनवर सगळं टिपत होता ते त्यांनी पाहिलं, तोंड पुसलं, उठून उभे राहिले, आणि आम्ही धावत तिथे पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"माझ्या भावाचं याला कोणी सांगितलं?" ते सरांना म्हणाले. "तुम्ही लोकांच्या घरच्या चौकशा करता? हा तुमचा गेम?"

सर पांढरे पडले. "नाही नाही, कामत साहेब. शालिनी, कोण आहे हा माणूस? याला कोणी काय सांगितलं?"

आता बघा, एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. साहेब, ही बहुरूप्यांची नेहमीची कलमं आहेत, सगळ्यांना हीच म्हणतात, मी जन्मल्यापासून ऐकतेय, हा माझा बाप आहे. कामत शांत झाले असते. कदाचित हसलेही असते. सगळे माझ्याकडे बघत होते. बाजारातले खांबसुद्धा जागा सोडून आले होते.

"एजंटाने पाठवलाय सर," मी म्हटलं. "मी ओळखत नाही."

मग मी तात्याकडे वळले. "तुम्हाला यांची माहिती कोणी दिली? खरं सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अहोजाहो केलं.

तात्याने माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्यात पडदा आलेला, दुसऱ्यात काय होतं ते बघायला मी थांबले नाही, नजर खाली घातली. मग तात्या हसला. असं लाचार, ओशाळं हसू मी त्याच्या तोंडावर कधीच पाहिलं नव्हतं.

"मॅडमला काय ठावं न्हाई साहेब," तो म्हणाला. "एजंट-फिजंट कोण न्हाई. मीच फोन करून खोटं बोललो. भाईर तुमचा ड्रायव्हर हुता, त्याला बिडी पाजली आन् घरचं काढून घेतलं. म्हटलं, साहेब भ्याला तर चार पैसे देईल. फशिवलं मी."

बहुरूप्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःला ठग म्हणणं म्हणजे काय असतं ते त्या शेडमध्ये फक्त दोघांना कळत होतं.

"पोलिसात देऊ या का?" सरांनी विचारलं.

"घालवा त्याला," कामत म्हणाले. "आणि या मॅडमना बोलू नका, त्यांची काय चूक."

त्याचा अंगरखा तिथेच काढून घेतला. दोन वॉचमन त्याला मागच्या फाटकाने घेऊन गेले. जाताना तो खाली वाकून चालत होता, चोरासारखा. सोंग कसं पुरं करायचं ते त्याला कुणी शिकवायला नको होतं.

संध्याकाळी सात वाजता मी घरी आले तर तात्या जिन्यात बसलेला. खोलीची किल्ली माझ्याकडेच होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दुपारपासून तो तिथे होता. मी कुलूप उघडलं, तो आत आला, पाणी प्याला.

"मास्तर हाय व्हय मी?" त्याने विचारलं.

मी वळून पाहिलं.

"ती पानवाली म्हणली चहाच्या टायमाला. आमच्या मॅडमचे वडील शिक्षक हैत, लई कडक हैत, म्हणून मॅडम अशा शिस्तीच्या." तात्या भिंतीला टेकून बसला. "कुठल्या शाळंत?"

"जिल्हा परिषदेच्या."

"कितवीला?"

"चौथीला."

"शिकलोय दुसरी आन् शिकवतोय चौथीला," तात्या म्हणाला आणि खरंच हसला. "बरं झालं मला आधी कळलं. न्हाईतर तिथं येखादं वाकडं बोलून गेलो असतो."

म्हणजे मी तोंड फिरवलं तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. मी त्याच्या पायाशी बसायला हवं होतं, लाज वाटून चार थोबाडीत मारून घ्यायला हव्या होत्या. मी काय बोलले असेन?

"तुला तीनच वाक्यं सांगितली होती," मी म्हणाले.

"चुकलं बाई," तात्या म्हणाला.

रविवारी सकाळी तो पहिल्या गाडीने गेला. डोळ्याचं पुढच्या खेपेला बघू म्हणाला. पुढची खेप झाली नाही, शेवटी गावाकडच्याच एका शिबिरात त्याने ऑपरेशन करून घेतलं. मी पक्की झाले. कामतांनी पैसे घातले, नाशिकला आणि कोल्हापूरला कनकपूर उभं राहिलं, आणि दोन्हीकडे चावडीवर माणूस नको म्हणून पुतळा बसवला. तो तीन वाक्यं बोलतो.

चार वर्षांपूर्वी तात्या गेला. दहाव्याला सौमित्र सर मोठी गाडी घेऊन आमच्या वस्तीवर येणार, असा आदल्या दिवशी फोन आला. सणासुदीला मी घरी जायचे, पण त्या शनिवारचा विषय तात्याने कधी काढला नाही आणि मीही नाही. आता वस्ती बघितली की सगळं उघडं पडणार होतं. रात्रभर मी माफीची वाक्यं जुळवत होते. सकाळी वाटलं, पडू दे उघडं. एकदाचं सुटू दे.

नदीवरचा विधी आटोपून आम्ही घरी आलो तेव्हा सरांची गाडी आली. माझा धाकटा चुलता, सदूकाका, इस्त्रीचा सदरा घालून पुढे झाला. घरात एकही पेटी दिसत नव्हती. मिशा, पट्टे, खाकी कपडे, सगळं कुठेतरी हललं होतं. भिंतीवर तात्याचा फोटो होता. मी तो कधी पाहिलाच नव्हता. पांढरी टोपी, चष्मा, खिशाला दोन पेनं.

"या साहेब," सदूकाका शुद्ध भाषेत म्हणाला. "गुरुजींचा तुमच्यावर फार लोभ होता. मुलगी चांगल्या ठिकाणी आहे, म्हणायचे."

मी दाराची चौकट धरली. शेजारची गोदामावशी पदर डोळ्याला लावून सांगायला लागली, माझ्या नातवाला पाटी गुरुजींनीच घेऊन दिली. बाहेरून कुणी म्हातारा म्हणाला, हात उगारला नाही कधी, पण धाक केवढा. सगळी वस्ती बोलत होती. एकाची जीभ अडखळली नाही.

सर बराच वेळ फोटोसमोर उभे होते. "मी यांना कुठंतरी पाहिलंय का गं?"

सदूकाकाने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी बोलणार ते बरोबर असणार होतं, मी काहीही बोलले असते तरी.

"जुने शिक्षक सगळे सारखेच दिसतात सर," मी म्हटलं.

गाडी पुलापलीकडे गेली तशी बायकांनी मोठ्याने गळा काढला. तोवर सगळ्या दबून होत्या. सदूकाका ओट्यावर बसला आणि सदऱ्याची बटणं काढायला लागला.

"जमलं का गं?" त्याने विचारलं.

"काका, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"दादानं. दोन महिने तालीम घेतली पडल्यापडल्या. येकेकाला बोलावून घ्यायचा. गोदीला तर रडवली त्यानं, पाटी म्हण, सलेट म्हणू नको म्हणून. हापिसातली माणसं येतील म्हणला, पोरीचं नाव खाली जाया नको." बटण निघेना म्हणून तो थांबला. "तू सांगितलं हुतंस ना त्याला तसं?"

"हो," मी म्हटलं.

सोमवारी मी कामावर हजर झाले. सरांनी सगळ्यांना कनकपूरच्या बाजारात बोलावलं, वस्तीवर ऐकलेलं सगळं सांगितलं, आणि मग सोनार, पुजारी, पानवाली सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून एका आदर्श शिक्षकाला श्रद्धांजली वाहिली. मीही उभी राहिले.